सहभागी

शब्दकोशाच्या कामात त्या आठवड्यात आमचं 'स' अक्षर चाललं होतं. 'सांत्वन' म्हणजे गोड बोलून शांत करणं, 'सहभागी' म्हणजे ज्याचा वाटा आहे तो. हे अर्थ तपासून मी पुढे दिले आणि त्याच आठवड्यात माझा धाकटा भाऊ लिफ्ट दुरुस्त करताना पडला. जागीच गेला.

घरी माणसांची रीघ लागली. "सावरा स्वतःला." "त्याच्या आत्म्याला शांती मिळो." आई कुणाकडे बघतसुद्धा नव्हती. मी मात्र सवयीने प्रत्येक शब्द उलटून पाहत होते. बोलणारा काही देत नाही, काही नेत नाही, अशी माझी समजूत होती.

एका दुपारी राखाडी स्वेटर घातलेल्या एक बाई आल्या. मला वाटलं आईच्या ओळखीच्या, आईला वाटलं माझ्या. त्यांनी आईचा हात हातात घेतला.

"तुमच्या दुःखात मी सहभागी आहे."

एवढंच. पाण्याला हात न लावता त्या उठल्या. आल्या तेव्हा ताठ होत्या, जाताना कठडा धरून उतरल्या.

संध्याकाळी आई पोटभर जेवली. माझा जीव भांड्यात पडला.

बाई पुन्हा आल्या, पुन्हा तेच बोलल्या. आईचं रडणं थांबलं. मग एका सकाळी तिने भावाचे कामाचे बूट दाराबाहेर नेऊन ठेवले. "कुणाचे पडलेत कोण जाणे," म्हणाली. धक्क्याने असं होतं, असं डॉक्टर म्हणाले. मलाही ते पटलं.

पुढच्या खेपेला मी दारातच आडवी उभी राहिले. "तुम्ही आमच्या कोण?"

बाईंचे डोळे सुजलेले होते. "भाजी चिरताना शिट्टी वाजवायचा," त्या म्हणाल्या. "किती रागवायचे मी."

रागवायची ती आई.

"तुझंही दे थोडं," त्यांनी हात पुढे केला. "हलकं वाटेल."

"नको. माझं मला राहू दे."

त्यांनी मान हलवली आणि वळल्या. जिन्यात त्यांना हुंदका आला. घशात अडकून मग फुटणारा, थेट आईचा हुंदका.

मी आत येऊन पलंगावर बसले आणि इतके दिवस दाबून धरलेलं रडू फुटलं. आई आली. शेजारी टेकली. पाठीवरून सावकाश हात फिरवू लागली. तिचा चेहरा अगदी निवांत होता.

"रडू नको गं," ती म्हणाली. "कोण गेलं तुझं?"