डाव्या कुशीवरचे गोचीड

"लस फसली असती तर मी गप्प बसले असते," डॉक्टरबाई म्हणाल्या. "ही जरा जास्तच लागू पडलीय."

वहिनींनी चष्मा पुसला. खाजगी तपासाच्या धंद्यात त्यांना वीस वर्षं झाली होती, आणि त्यांचे दीर तितकीच वर्षं वही घेऊन त्यांच्या मागे फिरत होते. औषध जास्त लागू पडलं, अशी तक्रार घेऊन आजवर कुणी आलं नव्हतं.

गोचीडतापानं गाई दगावतात, म्हणून डॉक्टरबाईंनी नऊ वर्षं खपून थेट गोचिडांवरच लस केली होती. टोचलेल्या गाईचं रक्त प्यायलं की गोचीड फुगतच नाही, चपटाच गळून पडतो. गोठ्यातल्या बारा गाईंपैकी सहांना लस टोचली, सहांना नुसतं मिठाचं पाणी. कुणाला काय, ते मोहोरबंद पाकिटात. बाईंनाही ठाऊक नाही. आणि आता मोजणीत बाराही गाईंवरचे फुगलेले गोचीड सारखेच कमी. पाण्यानं गोचीड मरत नाहीत, म्हणजे कुणीतरी ढवळाढवळ केली होती. उद्या सकाळी समिती येणार. हे आकडे पाहिले की चाचणी रद्द, नऊ वर्षं पाण्यात.

पाकीट भांडारवाल्याच्या कपाटात होतं, मोहोर शाबूत. शेजारच्या फळीवर गोचिडांवर फवारायच्या औषधाच्या बाटल्या. ते औषध त्याचा मेहुणा विकतो. लस आली तर मेहुणा माश्या मारत बसेल, असं तो स्वतःच हसत म्हणाला. भावजींनी वहीत त्याच्या नावाखाली दोन रेघा ओढल्या.

मोजणीवाला घुश्श्यात होता. बढती डॉक्टरबाईंमुळे अडली, असं त्याचं म्हणणं. दर आठवड्याला तो प्रत्येक गाईची डावी कूस मोजून आकडा दुप्पट करी. नियमच तसा होता. त्याच्याखाली तीन रेघा पडल्या.

धारवाल्या मावशी डावीकडच्या स्टुलावर बसल्या होत्या, त्या उठल्या नाहीत. "अर्ध्या धारेत उठलं की ही रुसते, बाई." पाकीटबिकीट त्यांना माहीत नव्हतं. अंगठ्याचं नख तेवढं काळपट लाल होतं. भावजींनी रेघ ओढली नाही.

"भावजी, आता बाराही जणींची उजवी कूस मोजून या."

"नियम डावीचा आहे, वहिनी."

"म्हणूनच."

दोन तासांनी भावजी लंगडत आले. चार नंबरनं लाथ घातली होती, आणि तिच्या उजव्या कुशीवर हरभऱ्याएवढे गोचीड लोंबत होते. वहिनींनी त्यांची चिठ्ठी वाचली, घडी घालून मुठीत ठेवली आणि सगळ्यांना गोठ्यात बोलावलं.

"औषध फवारलं असतं तर दोन्ही कुशी साफ झाल्या असत्या. भांडारवाले सुटले. मोजणीवाल्यांना खोटंच करायचं असतं, तर त्यांना पेन पुरलं असतं. गोचीड उपटत कोण बसेल? पण कुणीतरी बसलंय. हातानं, रोज, आणि फक्त डावीकडून."

सगळ्यांनी स्टुलाकडे पाहिलं. मावशींनी अंगठा मुठीत घेतला.

"पण पाण्याच्या गाईंची यादी हिला कुणी दिली?" डॉक्टरबाईंचा आवाज चिरकला.

वहिनींनी मावशींनाच विचारलं, कुणाकुणाचे काढलेत?

"दोन, चार, पाच, सात, नऊ नि बारा," मावशी खाली बघत म्हणाल्या. "बाकीच्या शांत असतात. या धार काढू देईनात, सारखं अंग झाडायच्या. हात पोचेल तेवढे काढले. ते मोजायला ठेवलेत, हे मला काय ठाऊक? आता कामावरून काढायचं तर काढा."

वहिनींनी चिठ्ठी उलगडून डॉक्टरबाईंच्या हातात दिली. उजवीकडे फुगलेले गोचीड होते ते दोन, चार, पाच, सात, नऊ आणि बारा नंबरवर.

"यादी गाईंनीच सांगितली त्यांना. पाकीट उद्या समितीसमोरच फोडा. त्याआधी उजव्या कुशी समितीलाच मोजू द्या, आणि मावशींनी काय केलं तेही लपवू नका."

सकाळी समितीनं उजव्या कुशी मोजल्या, मग पाकीट फुटलं. पाणी टोचलेल्या त्याच सहा निघाल्या. चाचणी वाचली, पुढच्या वेळी दोन्ही कुशी मोजायच्या, एवढंच ठरलं.

डॉक्टरबाई लसीच्या सहा कुप्या घेऊन गोठ्यात आल्या तेव्हा मावशी स्टुलावरून उठल्या. अर्ध्या धारेत.

"आधी चार नंबरला टोचा," त्या म्हणाल्या. "ती फार सोसते."