मोकळ्या रानातला वळसा

तिला वाटलं होतं, मेंढ्या बावरतील. तीन दिवस दोन ट्रकांमध्ये उभ्यानं हिंदकळत देशाच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला आलेला कळप. मागची फळी सोडली की बिथरेल, उधळेल, निदान दोन दिवस चाऱ्याला तोंड लावणार नाही. त्याची तिनं जय्यत तयारी केली होती. दोरीची तात्पुरती कुंपणं, मीठ-साखरेच्या पाण्याच्या बादल्या, आणि कोणती मेंढी कधी चरायला लागली हे टिपायला एक नवी कोरी वही.

झालं भलतंच. फळी खाली आली, कळपाची पुढारीण उतरली. ती म्हणजे एका कानाचा तुकडा उडालेली म्हातारी मेंढी. तिनं नाक फेंदारून एकदा वारा हुंगला आणि बाजारातून घरी परतल्यासारखी चालायला लागली. बाकीच्या तिच्यामागे. कुंपणाच्या दोऱ्या हातातच राहिल्या.

"लिही आता तुझ्या वहीत," आत्या कंबर धरून ट्रकच्या केबिनमधून उतरत म्हणाली. "मेंढ्या सुखरूप, आत्या मेली."

अकरा वर्षं ही भाची दूरच्या शहरात वसतिगृहांमध्ये राहून शिकली होती. जनावरांचं शास्त्र शिकली, पदवी घेतली, आणि चांगली नोकरी समोर असताना घरी परतली. घर म्हणजे बाबा, बाबांची थोरली बहीण म्हणजे आत्या, आणि हा कळप. तिथल्या माळावर चारा उरला नव्हता, आणि दर थंडीत निम्मी कोकरं उघड्यावर गारठून मरायची. बाबा त्यांना एका ओळीत पुरायचे. तिनं हे रान शोधलं. हिरवं, सपाट, ओढ्याकाठचं. तक्ते काढून बाबांना पटवलं. जुनी जागा एका वीटभट्टीवाल्याला विकायला लावली. आणि शब्द दिला, की या वर्षी एकही कोकरू थंडीनं जाणार नाही. पहिल्या मेंढ्या तीन आठवड्यांत विणार होत्या. त्याआधी रानाच्या मधोमध विटांची, पत्र्याची, ऊबदार शेड उभी राहणार होती. नकाशा तिनंच काढला होता.

"शहाणी आहे माझी पोर," बाबा म्हणाले होते.

"म्हणूनच भीती वाटते," आत्या म्हणाली होती. तेव्हापासून आत्या तिला 'शहाणे' अशीच हाक मारायची.

पहिल्याच संध्याकाळी तिनं तो वळसा पाहिला.

कळप ओढ्याकडून घराकडं येत होता. समोर मोकळं रान, ना दगड ना झुडूप. तरी मधोमध आल्यावर पुढारीण डावीकडं वळली, अर्धं वर्तुळ घेतलं आणि पुन्हा सरळ झाली. मागची प्रत्येक मेंढी नेमकी तिथंच वळली. एकीनंही मधून वाट कापली नाही.

बाबा दारापुढं खाटेवर बसले होते. प्रवासानं त्यांचे गुडघे धरले होते, नजर तर आधीच अधू. पण कान शाबूत. खुरांच्या आवाजावरून त्यांनी विचारलं, "वळल्या ना?"

"हो. पण कशाला? तिथं काहीच नाही."

"विहीर आहे."

ती थबकली. मग तिला उमगलं. जुन्या घरी ओढ्याच्या आणि घराच्या मध्ये विहीर होती. कठडा बुटका. कळप रोज तिला वळसा घालून यायचा. ती सुट्टीत पाहुणीसारखी जायची, तिनं कळप कधी हाकलाच नव्हता, म्हणून तिला हे ठाऊक नव्हतं. मेंढ्या आपलं जुनं रान सोबत घेऊन आल्या होत्या आणि या रानावर अंथरून त्यावरून चालत होत्या.

तिचा आनंद मावेना. रात्री जेवताना ती त्यावरच बोलत राहिली. वाटा आईकडून कोकराला कशा मिळतात, जमीन बदलली तरी पायांतली वाट कशी राहते. आत्यानं तिच्या ताटात आणखी वाढलं. "खा आधी. मेंढ्यांच्या पायांत वाट राहते, तुझ्या पोटात काही राहत नाही."

दुसऱ्या दिवशी तिनं वळशाचं माप घेतलं. आरपार आठ पावलं. ती स्वतः त्या वर्तुळातून दहादा चालली, अगदी मधोमध उभी राहिली. गवत, खाली घट्ट माती. तिनं तिथं शेडच्या मध्याची खुंटी ठोकली, कारण शेड बरोबर तिथंच यायची होती. नकाशा काढताना तिला विहिरीचा विचार शिवलाही नव्हता.

संध्याकाळी कळप खुंटीला वळसा घालून आला. तिसऱ्या दिवशीही. खुंटीभोवती आता खुरांनी वाट पडली होती, आणि आतलं गवत बाहेरच्यापेक्षा गडद दिसायला लागलं होतं.

"रोज वळतायत," बाबा खाटेवरून म्हणाले. त्यांच्या आवाजात काळजी नव्हती. पाहुणा वेशीपर्यंत आल्याचं कळल्यावर माणूस बोलतो, तसा तो होता.

चौथ्या दिवशी शेजारच्या दूधवाल्यानं एक धष्टपुष्ट मेंढी आणून दिली. ती याच मातीत जन्मलेली. नवं रक्त हवं म्हणून तिनंच मागितली होती. दिवसभर नवी मेंढी कळपात नीट चरली. संध्याकाळी परतताना मात्र जराशी मागे राहिली. पुढचा कळप वळला, घराजवळ पोचला. मागे पडलेल्या नवीनं सरळ धाव घेतली. जवळची वाट होती ती. तिच्या पायांत विहीर नव्हती.

वही काखेत धरून ती ओढ्याकडचं फाटक लावायला वळली होती. मागे एक आवाज झाला. मेंढीचं ओरडणं नव्हे, ते मध्येच तुटल्यासारखं काहीतरी. तिनं पाहिलं तेव्हा नवी मेंढी वर्तुळाच्या आतल्या कडेला आडवी पडली होती.

धावत जाऊन तिनं पाय धरून मेंढी बाहेर ओढली. लोकर जड झाली होती, ओथंबलेली. आभाळ तर आल्यापासून गळलं नव्हतं. तिनं सवयीनं मेंढीच्या बरगड्यांवर दाब दिला. तोंडातून पाणी आलं. पुन्हा दाबलं, पुन्हा आलं. थंडगार, शेवाळाच्या वासाचं, पुष्कळ पाणी. मेंढी मेलेली होती. जनावर कशानं मरतं हे ओळखायला तिला शिकवलेलं होतं. ही बुडून मेली होती.

मधोमध ठोकलेली खुंटी दिसत नव्हती.

आत्या कंदील घेऊन आली, मेंढीकडं पाहिलं, लोकर बोटांनी पिळली. बोटं नाकाशी नेली. "आपलंच पाणी," ती म्हणाली.

"आत्या, असं कसं होईल?"

"मला नको विचारू. शिकलीस तू."

त्यात नेहमीचा टोमणा नव्हता. म्हणून तिला जास्त भीती वाटली. पण खरं सांगायचं तर भीतीच्या वर काहीतरी होतं. लहानपणी बंद कपाटापुढं उभं राहिल्यावर उघडून पाहावंसं वाटायचं, ते.

दुसऱ्या दिवशी दुपारी फोन आला. वीटभट्टीवाला होता. आवाज तापलेला.

"ताई, हा कसला व्यवहार म्हणायचा? मला पाणी लागतं, म्हणून मी ती जागा घेतली."

"विहीर आहे की. घराच्या पुढं."

"कठडा आहे. रहाट आहे. विहीर कुठाय?"

"म्हणजे?"

"परवा मोटर बसवायला माणसं आणली. आत डोकावलो तर गवत. सपाट जमीन, ताई. निघताना बुजवलीत का?"

"नाही हो. बुजवायला आम्हाला वेळ कुठं होता..."

"तेच म्हणतोय मी. काल भरलेली माती कळते. ही जुनी जमीन आहे. कधी खणलीच नव्हती अशी." तो थांबला. पुढचं बोलताना त्याचा राग कुठंतरी गेला होता. "आणि रहाटाचा दोर सरळ गवतात गेलाय. चौघांनी ओढला. येत नाही. खालून... जाऊ द्या. तुम्ही येऊन बघा."

"खालून काय?"

"धरल्यासारखा वाटतो," तो म्हणाला आणि फोन ठेवून दिला.

ती चपला घालून रानात गेली. ऊन लख्ख होतं. ओढ्यापलीकडं दूधवाला आपल्या म्हशींशी गप्पा मारत होता. खुरांच्या वाटेपाशी ती गुडघ्यांवर बसली. आत गवत होतं, हिरवंगार, न हलणारं. बाहेरचं गवत वाऱ्यानं लवत होतं. तिनं एक खडा उचलला, हात लांब केला आणि आत सोडला.

खडा गवतावर पडला. तिथंच राहिला. तिला तो स्पष्ट दिसत होता, पांढरा, एका बाजूला चकाकणारा. ती हसणार होती स्वतःलाच.

तेवढ्यात खोल खाली, तिच्या गुडघ्यांच्याही खाली कुठंतरी, पाणी वाजलं. डुबुक. मग भिंतींवर आपटत वर येणारा तोच आवाज, बारीक होत गेलेला.

खडा गवतावरच होता.

ती रांगतच मागे सरली. घरी येऊन बाबांना सगळं सांगितलं. भट्टीवाल्याचा फोन, गवत, दोर, खडा. बाबांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"तुला रागावलो नाही मी, जागा सोडायला लावलीस म्हणून," ते म्हणाले. "पण मेंढ्यांना कुणी विचारलं नव्हतं."

"उद्या गवंडी येतोय, बाबा. पाया खणायला. शेड दुसरीकडं घ्यायची तर ती उताराची बाजू. सपाट करण्यातच दोन आठवडे जातील. कोकरं उघड्यावर येतील."

"मग?"

तिनं भिंतीवरच्या नकाशात उताराची बाजू बोटानं मोजली.

दिवस मावळायला कळप निघाला. ती दारात, बाबांच्या खाटेशेजारी उभी राहिली. आत्याही हात पुसत बाहेर आली. मेंढ्या विहिरीपाशी आल्या, वळल्या, सरळ झाल्या. तिनं सुस्कारा सोडला.

घरापासून वीसेक पावलांवर पुढारीण पुन्हा वळली.

लहानसाच वळसा. एका माणसाला उभं राहता येईल एवढीच जागा सोडून. आणि वळताना तिनं मान वर केली, कुणाच्या तरी तोंडाकडं पाहावं एवढी. मागची वळली, तिनंही मान वर केली. प्रत्येकीनं तसंच केलं. अगदी शेवटची तर क्षणभर थांबली, हुंगलं, आणि मग पुढं आली.

"दोनदा वळल्या," बाबा हळूच म्हणाले.

"हो..."

"कुठं?"

"इथं. दारापुढं. बाबा, आपल्या जुन्या दारापुढं काय होतं?"

बाबांनी आठवून पाहिलं. खूप वेळ आठवलं. "काही नाही," ते म्हणाले. "तिथं कधीच काही नव्हतं, पोरी."

ती आत्याकडं वळली. आत्यानं खाटेचं एक टोक उचललं. "ऊठ रे," ती भावाला म्हणाली. "आत बस."

रात्री जेवणं लवकर उरकली. भिंतीवर टाचलेल्या शेडच्या नकाशापुढं ती बसून राहिली. विहिरीला यायला चार संध्याकाळी लागल्या होत्या. दुसऱ्या वळशाची ही पहिली होती.

सकाळी गवंडी आला. सोबत दोन मजूर, दगडांनी भरलेली गाडी. ती अंगणात तयारच उभी होती, नकाशाची गुंडाळी हातात घेऊन.

"शेड राहू द्या," ती म्हणाली. "उताराची बाजू सपाट करायला घ्या. होईल तेव्हा होईल."

"आणि मेंढ्या? विणायला आल्यात म्हणाला होतात."

"घरात विणतील. पुढच्या दोन खोल्या रिकाम्या करतोय आम्ही. चूल आत आहेच, ऊब राहील."

"आणि आम्ही कुठं निजायचं म्हणे?" आत्यानं आतून विचारलं. पण ती विचारतानाच भांडी हलवत होती, पहिल्या खोलीतली मांडणी अर्धी रिकामी झाली होती.

"हे दगड मग?" गवंडी म्हणाला.

"कठड्याला. आज, दिवस मावळायच्या आत. विहीर आहे रानात. खुरांच्या वाटेबाहेर राहून बांधा, आत पाय टाकू नका. छातीएवढा उंच करा."

गवंड्यानं मोकळ्या रानाकडं पाहिलं, मग तिच्याकडं. शिकलेल्या माणसांशी वाद न घालायची त्याला सवय असावी. "बरं. एकच ना?"

"दोन. दुसरा लहान, दारापुढं. माणूस आत उभा राहील एवढा." ती थांबली. रात्रभर ती ज्याच्याशी झगडली ते एवढंच होतं. "त्याला एका बाजूनं वाट ठेवा. रानाच्या बाजूनं."

"वाट कशाला? काय आहे त्यात?"

"अजून माहीत नाही," ती म्हणाली. "पण परत जायचं असेल तर जाता आलं पाहिजे."

गवंड्यानं मान डोलावली आणि दोरी घेऊन लहान कठड्याची आखणी करायला निघाला. ती जागा नेमकी कुठं आहे, हे तिनं त्याला अजून दाखवलं नव्हतं. चालता चालता निम्म्या वाटेवर तो जरासा बाजूला सरकला, अरुंद बोळात समोरून येणाऱ्याला वाट देतात तसा, आणि पुढं गेला.