पांढऱ्या कागदावरचा धूर

धुकं इतकं दाट होतं, की फाटकापाशी उभा असलेला माणूस आधी नुसता मफलरच दिसला. मग मफलरच्या वर नाक दिसलं, आणि ते नाक हवा हुंगत होतं.

धाकटीला वाटलं, गिऱ्हाईक आलं. थोरली लग्न होऊन गेली, वडील गेले. तेव्हापासून लहान ट्रॅक्टर जोडायच्या त्या कारखान्यात आईच्या हाताखाली धाकटीच सगळं बघायची. आणि फाटकातून गिऱ्हाईक परत गेलेलं तिला मुळीच खपत नसे.

"या ना, आत या! थंडीत कुडकुडताय कशाला?" तिनं त्याला हाताला धरून आणायचंच काय ते बाकी ठेवलं. "हे बघा. इंजिन थेट चीनहून आलंय. आवाज ऐका... झोपलेलं मांजर घुरघुरतं ना, तस्सा."

त्यानं ऐकला. मान कलती करून, डोळे अर्धे मिटून, गाणं ऐकावं तसा ऐकला.

"आणि हा धूर?"

"तो थंडीचा हो! सकाळी तुमच्याही तोंडातून येतोय की."

"माझा पांढरा आहे," तो हळूच म्हणाला. "याचा काळा आहे."

"गरम झालं की जातो."

"किती वेळात?"

"तुम्ही घेणार असाल तर लगेच!"

त्यानं खांद्यावरची पेटी खाली ठेवली. "घेणार नाही. मोजणार आहे. धूर तपासायला आलोय मी."

धाकटीनं काढायला घेतलेलं किमतींचं पत्रक हळूच परत खिशात सारलं.

पेटीतून एक नळी निघाली, ती सायलेन्सरच्या तोंडात गेली. एक गोल पांढरा कागद निघाला, तो यंत्रात बसला. इंजिनानं चार दमदार श्वास सोडले आणि तो कागद बाहेर आला... काजळ फासल्यासारखा काळाकुट्ट.

"अमावास्या," तो म्हणाला.

मग तो वाकून इंजिनाच्या कुशीत शिरला. कारण सापडायला वेळ लागला नाही. परवान्यासाठी जे नमुन्याचं इंजिन तपासलं होतं, त्याला एका जातीचा इंधनाचा पंप होता. जहाजातून आलेल्या सगळ्या इंजिनांना भलताच. नावाची पट्टी तीच, नंबर तोच, पोटात मात्र दुसरंच काही.

"म्हणजे दाखवायला एक मुलगी आणि बोहल्यावर दुसरी?" ट्रॅक्टर जोडणारा मिस्त्री मागून म्हणाला.

"साधारण तसंच," तपासनीस म्हणाला, आणि त्यानं शेडला सील ठोकलं.

आई खुर्चीत बसून हे सगळं बघत होती. तिचं बोलणं सुरीसारखं. इतका वेळ ती सुरीला धार लावत होती. तो गेल्यावर म्हणाली, "चीनचं इंजिन आणायचं कुणाच्या डोक्यातून निघालं? तुझ्या. मी नको म्हणत होते तेव्हा 'माझ्यावर सोड' कोण म्हणालं? तू. मग आता ऐक. ही इंजिनं परत जहाजात चढली, तर या खुर्चीत थोरले जावई बसतील. आणि तू घरात बसून पडदे शिव."

थोरल्या जावयांना इंजिन आणि इस्त्री यांतला फरक सांगावा लागत असे. धाकटी त्या दिवशी जेवली नाही.

तिनं चीनच्या कारखान्याला फोनवरून असा काही निरोप धाडला, की भाषांतर करणारं यंत्रसुद्धा शरमलं असेल. उलट उत्तर आलं: "प्रिय मोठी बहीण, तुमचा राग आमच्या हृदयापर्यंत पोहोचला आहे. योग्य पंप जहाजाने निघत आहेत. कृपया जेवण वेळेवर करा."

"बघा," मिस्त्री म्हणाला, "तिकडेसुद्धा कळलं तुम्ही जेवला नाहीत ते."

पंप यायचे होते तोवर सील शाबूत आहे ना, हे बघायला तपासनीस अधूनमधून येणार होता. अधूनमधून म्हणता म्हणता तो फारच येऊ लागला. सीलाला हात लावी, मान डोलवी, आणि शेडच्या दारासमोरच्या रिकाम्या खोक्यावर बसे.

धाकटीनं पहिल्यांदा चहा आणला तेव्हा तो गडबडून उठला. "इथला चहा घेता येत नाही. नियम आहे."

"पाणी?"

"ते... बहुतेक चालतं."

"आणि बोलणं?"

"त्याबद्दल काही लिहिलेलं नाही," तो म्हणाला आणि कानापर्यंत लाल झाला.

पुढच्या वेळी त्यानं आपला थर्मास आणला. एका खोक्यावर तो, समोरच्या खोक्यावर ती. त्याच्या हातात त्याचा चहा, तिच्या हातात तिचा. मधे हातभर अंतर. दोन्ही कपांतून वाफ निघे, वर जाऊन एकमेकींत मिसळे आणि धुक्यात नाहीशी होई. वाफेला काही नियम लागू नव्हता.

तो सांगे, लहानपणी आजीच्या चुलीचा धूर बघून तो ओळखायचा, लाकूड ओलं की सुकं, आणि आजी रागावलीय की नाही. ती सांगे, एकटीच असली की ती इंजिनांशी बोलते.

"ती काय म्हणतात?"

"म्हणतात, फाटकाकडे बघणं बंद कर आणि कामाला लाग."

ती बोलून गेली खरी... मग दोघंही बराच वेळ आपापल्या कपात बघत बसले. जणू तिथं काही पोहत होतं.

आईच्या नजरेतून काय सुटणार? एका दुपारी तिनं धाकटीला बाजूला घेतलं. "अगं, जरा हसून बोल त्याच्याशी. पोरगा मऊ आहे. सही होऊन जाईल."

धाकटीच्या अंगाला जणू चटका बसला. दुसऱ्या दिवशी ती खोक्यावर बसली ती तोंड मिटून.

"काय झालं?" त्यानं विचारलं.

"आई म्हणते, तुमच्याशी हसून बोल."

"मग?"

"मग मी ठरवलंय, सही होईपर्यंत हसायचंच नाही. नाहीतर तुम्हाला वाटेल..."

"मला काय वाटेल?"

"काही नाही. चहा गार होतोय तुमचा."

तो चहा त्यानं गारच प्यायला. त्याला कळलंही नाही.

पंप आले, तपासनिसानं सील काढून दिलं. मिस्त्रीनं आणि धाकटीनं ते बसवले, इंधनाचा फवारा पुन्हा पुन्हा जुळवला, आणि तपासणीचा दिवस उजाडला. धाकटी शेडमध्ये शिरली आणि जागच्या जागी थिजली. सगळे सायलेन्सर चांदीसारखे लखलखत होते.

"आई! हे काय?"

"काय म्हणजे? रंग दिला," आई ऐटीत म्हणाली. "परक्या माणसासमोर गंजकी तोंडं घेऊन उभं राहायचं? आतूनसुद्धा लावलाय, जिथवर ब्रश पोहोचला तिथवर."

"बाई," मिस्त्री कळवळून म्हणाला, "तोंडाच्या आतून पावडर कोण लावतं हो?"

पण तपासनीस आला होता. इंजिन सुरू झालं, सायलेन्सर तापला, आणि आतला रंग असा काही जळू लागला, की शेडमध्ये निळा-पांढरा ढग उतरला. कागद बाहेर आला तो करपट डाग पडलेला. सगळे खोकत होते. तपासनीसही खोकला, आणि खोकता खोकता पहिल्यांदाच खदखदून हसला. धाकटीनं ओठ दाताखाली दाबून धरले.

"डाग रंगाचा आहे. तुम्हालाही दिसतंय," आई म्हणाली. "मग लिहा की पास!"

त्याचं हसू विझलं. "मला दिसतंय. कागदाला दिसत नाही." त्यानं नापास लिहिलं. मग धाकटीकडे न बघता म्हणाला, "आता एकदाच संधी मिळेल. आणि... त्या वेळी मी येणार नाही."

तो गेला. धुकं होतं तिथंच होतं, पण आता ते नुसतंच ओलं वाटायला लागलं. धाकटीनं एकेक सायलेन्सर स्वतः घासला. हाताची सालं निघाली. रिकाम्या खोक्याकडे मात्र तिनं एकदाही बघितलं नाही; आणि बघत नाही आहोत, हे तिला सारखं आठवत होतं.

शेवटच्या तपासणीला जाड चष्म्याच्या एक बाई आल्या. ना हूं ना चूं. नळी घातली, कागद बसवला. इंजिनानं श्वास सोडले. आईनं खुर्चीचा हात घट्ट धरला. धाकटीनं तर श्वासच रोखला.

कागद निघाला. फिकट, अगदी फिकट. पहाटे मावळता चंद्र असतो तसा.

"पास," बाई म्हणाल्या आणि सही केली. पेटी बंद करता करता पुटपुटल्या, "फाटकाबाहेर एक येडा उभा आहे सकाळपासून. माझ्याच हाताखालचा. हे काम मला नको, म्हणाला. कारण विचारलं तर नुसते कान लाल. त्याचं काय ते बघा."

धाकटी धावली. धुक्यात आधी मफलर दिसला.

"आत का नाही आलात?"

"तपासणी चालू होती. नियम आहे."

"आता कसला?"

"आपल्या माणसाच्या इंजिनाचा धूर आपण मोजायचा नाही. त्या दिवशी नळी घालताना मी क्षणभर डोळे मिटले. कागद काळा निघू नये, असं वाटत होतं मला. तेव्हाच कळलं... आता मी या शेडमधला तपासनीस उरलो नाही."

"आपलं माणूस?" तिनं फाटक धरलं. "इथं कोण तुमचं?"

"तेच विचारायला उभा आहे."

"आणि इंजिन नापास झालं असतं तर?"

"तरी इथंच असतो. मफलर थोडा जास्त भिजला असता, एवढंच."

इतके दिवस दाबून ठेवलेलं सगळं एकदम वर आलं. ती हसली. फाटकाला धरून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली, आणि तो ते हसू असं बघत राहिला, जणू सही त्यालाच मिळाली होती.

"अगं ए," शेडमधून आईचा आवाज आला, "हसून झालं असेल तर आण त्यांना आत! आणि विचार, आता तरी आमच्या घरचा चहा चालतो का म्हणावं!"

"चालतो," तो धाकटीलाच म्हणाला. "रोज चालेल."

मागे मिस्त्रीनं ट्रॅक्टर सुरू केला. सायलेन्सरच्या तोंडाशी बघावं तर काहीच दिसत नव्हतं. या दोघांच्या तोंडातून मात्र पांढऱ्या वाफा निघत होत्या, मधल्या मधे मिसळत होत्या... आणि त्या मोजायला आता तिथं कुणीच नव्हतं.