ठकीला उठवणारी

दुकानदाराने रबरी चादर गुंडाळता गुंडाळता सहज विचारलं, "बाळ केवढं आहे?"

"आठ महिन्यांचं," आई म्हणाली.

नऊ वर्षांची ठकी शेजारीच उभी होती. तिने मान खाली घातली आणि बुटाच्या टोकाने फरशीची भेग कोरत राहिली.

आई एका हॉटेलच्या लाँड्रीत कामाला होती. दिवसभर परक्यांच्या चादरी धुवायच्या आणि घरी लेकीची. ठकीचं अंथरूण रोज ओलं व्हायचं. रागावून झालं, आमिषं दाखवून झाली. नवीन भाड्याच्या घरात राहायला आले तेव्हा वाटलं होतं, जागा बदलली की फरक पडेल. कसला पडतोय! मग आत्या राहायला आली आणि वाळत घातलेल्या चादरीकडे बघून शेजारणींसमोर म्हणाली, "एवढी घोडी झाली तरी अजून हेच." त्या दिवसापासून ठकीने पाणी पिणंच सोडलं. शेवटी शाळेत चक्कर येऊन पडली.

डॉक्टरबाईंनी तिला तपासलं आणि आईला समोर बसवलं. "तिची झोप फार गाढ आहे. लघवी लागल्याचं झोपेत तिला कळतच नाही. ती मुद्दाम करत नाही हो. दिवसा भरपूर पाणी द्या, निजायच्या आधी संडासला पाठवा, आणि घरात यावरून कुणी तिला एक शब्द बोलू नका. उशिरा का होईना, हे सुटतं."

"मग मला शिबिराला जाता येईल?" ठकीने हळूच विचारलं. शाळेचं शिबिर लांब डोंगरात होतं, मुक्कामाचं.

"का नाही?" डॉक्टरबाई म्हणाल्या.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी एका सकाळी आईने चादरीवर हात फिरवला. कोरडी. दुसऱ्या दिवशीही कोरडी. ठकी दोन घोट जास्तच पाणी पिऊ लागली, गुणगुणू लागली. आईला वाटलं, बाबा रात्री उठवत असणार. बोलून दाखवत नाहीत, पण जीव आहे लेकीवर.

एकदा चहा घेताना ती म्हणाली, "बरं झालं बाई, तुम्ही तिला रात्री उठवता ते."

बाबांचा कप तोंडाशीच थांबला. "मी? मला तर वाटलं, तू उठवतेस."

दोघांनी ठकीकडे पाहिलं. ती पोळीचा तुकडा मोडत होती. "आईच उठवते की," ती म्हणाली.

त्या रात्री आई ठकीच्या खोलीत कोपऱ्यात खुर्ची टाकून बसली. दिवा मालवलेला. बाहेर एखादी गाडी गेली की छतावरून उजेडाचा पट्टा सरकायचा, मग पुन्हा काळोख. बऱ्याच वेळाने तिला वास आला. उन्हाचं तोंड न पाहिलेल्या दमट कपड्यांचा. तिच्या कामाच्या जागी असा वास कधीच नसायचा. पाठोपाठ खोली गार पडली.

ठकीच्या पांघरुणाचं टोक उचललं गेलं. ओढलं नाही कुणी, अलगद उचललं आणि नीट दुमडून बाजूला ठेवलं. ठकी मिटल्या डोळ्यांनी उठून बसली. तिने हात पुढे केला आणि तिची बोटं कशाभोवती तरी मिटली. मग ती चालू लागली, हात वर धरून, मोठ्या माणसाचा हात धरावा तसा.

आई खुर्चीवरून उठून दाराशी आली.

बोळकांडीच्या टोकाला संडासचा दिवा लागला. दार लोटल्याचा आवाज झाला.

"आई… जाऊ नकोस हं," आतून ठकी झोपाळू आवाजात म्हणाली.

आणि बोळातल्या अंधारातून उत्तर आलं, "इथंच आहे मी… सावकाश कर."

तो आवाज आईचाच होता. अगदी तिचाच. फक्त तिने ठकीला इतक्या मायेने हे कधी म्हटलं नव्हतं.

सकाळी सगळं ऐकून बाबा म्हणाले, "आजच घर सोडू."

"सोडू," आई म्हणाली. मग ठकीच्या कोरड्या गादीकडे बघत राहिली. "पण आजची एक रात्र थांबा."

त्या रात्री ती कोपऱ्यात बसली नाही. ठकीच्या उशाशी बसली. वास आला. गारठा आला. पांघरुणाचं टोक हललं तसा तिने आपला हात ठकीच्या हातावर ठेवला. ठकीच्या हातात आधीच आणखी एक हात होता… थंड, ओला, बोटांची कातडी पाण्यात राहून सुरकुतलेली.

"लेक माझी आहे," आई कशीबशी पुटपुटली. "आजपासून… मी नेते."

बराच वेळ काहीच झालं नाही. मग तो हात हळूच सुटला. जाताना आईच्या मनगटावर त्याने एकदा थोपटलं.

घर काही त्यांनी सोडलं नाही. आई रोज उठायची, ठकीला न्यायची, दाराबाहेर थांबून म्हणायची, "इथंच आहे मी." पुढे पुढे नुसती हाक पुरायची. मग एका रात्री आई उठली तेव्हा अंथरुणात ठकी नव्हती. संडासचा दिवा लागलेला होता आणि आतून आवाज आला, "आई, तू झोप. मी आले माझी मी." आई बोळात भिंतीला टेकून उभी राहिली आणि पदराने डोळे पुसत राहिली.

ठकी शिबिराला गेली. आई आणि बाबा घरीच होते, दोघांच्याही डोळ्याला डोळा लागला नाही. परत आली ती नाचतच. आईने तिची बॅग उघडली, चादर हुंगली. कोरडी, स्वच्छ.

"मी माझी उठले," ठकी म्हणाली. "रोज."

"शहाणी माझी ती."

ठकीने चपला काढल्या आणि थोडी रुसून आईकडे पाहिलं.

"पण मग शिबिरात तू माझ्याकडे न येता माझ्या शेजारी झोपलेल्या मुलीलाच का उठवत होतीस? तिचंपण अंथरूण घरी ओलं व्हायचं, हे तिने माझ्याशिवाय कुणालाच सांगितलं नव्हतं. तुला कसं कळलं?"