शुक्रवारचा अपडेट

ही गोष्ट खरी आहे. रंगवून सांगणं मला जमणार नाही, कारण यातली माणसं माझ्या रोजच्या ओळखीची होती... आणि त्यातले एक माझे मिस्टर आहेत.

साल २००८. गणपती होऊन गेले होते. जागा शहापूरच्या बाजारपेठेतलं, एका संस्थेचं माडीवरचं ऑफिस. आणि रात्र नव्हती. भर दुपार होती.

असलं काही रात्रीच होतं, असं तोवर मलाही वाटायचं.

माझे मिस्टर भरत त्या संस्थेत कॉम्प्युटरचं काम बघायचे. मी तिथेच फोनवर बसायची. वाशिंदहून दोघं जोडीने येऊन-जाऊन करायचो.

संस्थेचं काम चांगलं होतं. उंबरमाळीच्या डोंगरातले पाडे, तिकडे मुर्बाडच्या बाजूची गावं... कुठेच मोबाईलला रेंज नव्हती. संस्थेने काही शाळांमध्ये एकेक कॉम्प्युटर ठेवला, छपरावर अँटेना लावून नेट दिलं. भरतनी त्यासाठी वेबसाइट बनवली. बाई अडली की केंद्रावरच्या मुलीने साइट उघडायची, निळं बटण दाबायचं. इकडे ऑफिसात घंटा वाजायची आणि धाऊ ड्रायव्हर जीप घेऊन निघायचा.

त्या घंटेने कितीतरी बाया वाचवल्या. हेही खरं आहे.

पण भरतना साइट आहे तशी ठेववायची नाही. दर शुक्रवारी काहीतरी नवीन. रंग बदल, बटण हलव, नवा रकाना टाक.

"मोठ्या कंपन्या असंच करतात," म्हणायचे. "साइट थांबली की मेली."

वरच्या पाड्यावरचं केंद्र राही सांभाळायची. ठाकर आदिवासींची मुलगी, बोलायला कमी. एकदा मीटिंगला आली तेव्हा मात्र सगळ्यांदेखत म्हणाली, "दादा, सारखं सारखं नका ना बदलू. हात बसला का तुमी हलवता. बदलायचं तं आदी सांगा आमाला."

भरत हसले. "अगं, सोपंच केलंय. शिकशील."



त्यानंतरच्या एका शनिवारी सकाळी राहीच्या वहिनीला, सावळीला, कळा लागल्या. पहिलटकरीण. राही शाळेत धावली. साइट उघडली, निळं बटण दाबलं.

पडद्यावर आलं... 'नोंद झाली.'

"जीप निघाली," तिने घरी येऊन सांगितलं.

पण आदल्या संध्याकाळीच भरतनी बदल केला होता. निळं बटण आता फक्त नाव नोंदवायचं. जीप बोलवायचं बटण खाली गेलं होतं. पान सरकवलं तरच दिसणारं.

आमच्या ऑफिसात घंटा वाजलीच नाही.

राही पुन्हा पुन्हा शाळेत गेली. पुन्हा पुन्हा दाबलं. दर वेळी तेच... नोंद झाली.

शेवटी माणसांनी सावळीला झोळीत घालून डोंगर उतरवला. डांबरी रस्त्यापर्यंत आणली.

तिथेच ती गेली. बाळ पोटातच.

संस्थेने 'तांत्रिक अडचण' म्हणून विषय मिटवला. ते केंद्र बंद झालं. तिथला कॉम्प्युटर आणून आमच्या मागच्या खोलीत चादर टाकून ठेवला. भरतना कोणीच काही बोललं नाही. राहीसुद्धा नाही. तिने एक शिवी जरी दिली असती ना, तरी त्यांना बरं वाटलं असतं. घरी जेवता जेवता हात थांबायचा त्यांचा. मी भात वाढत राहायची, दुसरं काय करणार?

पुढे कितीतरी दिवस त्यांनी साइटला हात लावला नाही. मग एका शुक्रवारी दुपारी, संस्थेनेच सांगितलं म्हणून, एक लहानसा बदल चढवला.

चढवला... आणि घंटा वाजली.

मी उठून पडदा बघितला.

केंद्र: वरचा पाडा. नाव: सावळी.

मला वाटलं कोणीतरी घाणेरडी चेष्टा केली. मी मागच्या खोलीत गेले. चादर तशीच. वायर गुंडाळलेली. चादरीवर धूळ बसलेली.

तोवर खाली जीप सुरू झाल्याचा आवाज आला. घंटा वाजली की धाऊ थांबत नसे. तो रस्त्यावरच्या फाट्यापर्यंत जायचा, पेशंट तिथे आणलेला असायचा.

धाऊ संध्याकाळी परत आला. तोंड पांढरं पडलेलं.

"वैनी, फाट्यावर कोन नव्हता. मी वळवली गाडी. तं मागं दार लागल्याचा आवाज झाला. गाडी दबली... मानूस बसल्यावर दबते तशी."

"मग?"

"मग बांगड्या वाजत व्हत्या. कन्हत व्हती. मी मागं बघितला नाय. सरळ दवाखान्यात आनली. दार उघडला..."

"कोण होतं?"

"कोन नाय. सीट ओली व्हती."

भरत ऐकत होते. 

त्यानंतरच्या बदलालाही तेच झालं. बदल चढला की घंटा. तेच केंद्र, तेच नाव. धाऊ प्रत्येक वेळी गेला. "बोलावलं तं जायाला लागंल," एवढंच म्हणायचा.

मग भरतनी बदल करणंच बंद केलं. एक अक्षरही हलवायचं नाही. मला वाटलं, संपलं.

पण दुरुस्तीवाचून साइट कुजायला लागली. मुर्बाडच्या बाजूची हाक उशिरा पोचायला लागली. एकदा जीप गेली तेव्हा बाई घरातच बाळंत झाली होती, थोडक्यात वाचली.

मी म्हटलं, "अहो, दुरुस्त करा."

"केलं की ती येते."

"नाही केलं तर दुसरी मरेल."

 ते उठले. पुढचे काही दिवस धाऊबरोबर एकेका केंद्रावर गेले. काय बदलणार आहे ते प्रत्येक मुलीला दाखवलं, तिच्या हातून दाबून घेतलं. शेवटी वरच्या पाड्यावर गेले. तिथे केंद्र नव्हतं, तरी गेले. मीही होते.

राही उडीद झोडत होती. भरतनी तिला सगळं सांगितलं. घंटेचंसुद्धा.

तिने हातातली काठी थांबवली नाही.

"आता इचारता, दादा?" एवढंच म्हणाली.

 उतरताना भरत वाटेत खाली बसले आणि लहान मुलासारखे रडले.

शुक्रवारी दुपारी त्यांनी बदल चढवला. घंटा वाजली. ते उठले, जिना उतरले आणि जीपमध्ये जाऊन बसले.

पुढे नाही. मागे.

परत आले तेव्हा त्यांच्या मनगटावर चार बोटं उमटलेली होती. काय झालं विचारलं तर म्हणाले, "हात धरला होता." बाकी काही नाही.

आम्ही ऑफिस बंद करत होतो. तेवढ्यात फोन आला. दवाखान्यातली मालू सिस्टर. तिला यातलं काहीच माहीत नव्हतं.

"वहिनी, तुमच्या जीपमधून उतरलेली बाई कुठे गेली? आत्ता बाकावर बसली होती."

"कसली बाई?" मी विचारलं.

"मला विचारत होती... परत जायला जीप कधी आहे म्हणून. इतक्या वेळा आणून सोडलं, म्हणते, पण न्यायला कोणीच येत नाही."

मी भरतना सांगितलं.  आणून सोडायचं सगळ्यांना सुचलं होतं. परत न्यायचं... कोणालाच नाही.

धाऊ घरी गेला होता. भरतनी किल्ली घेतली आणि एकटेच निघाले.

अंधार पडल्यावर आले. 

त्यानंतरच्या बदलांना घंटा वाजली नाही. "सुटली बिचारी," धाऊ म्हणाला.

संस्था पुढे बंद पडली. भरत आता कल्याणला एका कंपनीत आहेत. अपडेट किती दिवसांनी काढायचा यावर तिथे वाद होतात, तेव्हा हे एकच म्हणतात, "वापरणाऱ्यांना विचारलंत का?" लोक हसतात.

सुटली असेल. असं मीही मनाला सांगते.

पण ज्या दिवशी त्यांच्या कंपनीत अपडेट निघतो, त्या संध्याकाळी स्टेशनवरून घरी येताना हे बाईकवर एकदम पुढे सरकून, टाकीला चिकटून बसतात. मागे मी एकटीच असते.

"अहो, एवढं पुढे कशाला?" मी एकदा विचारलं.

"जागा नको का?" म्हणाले.

कोणाला, ते मी विचारलं नाही. मागेही वळून बघितलं नाही.