डाव्या बाजूची जागा

कोकिळाबाईंचा पियानो नागपूरहून पुलगावला मालगाडीने आला आणि स्टेशनवरून घरापर्यंत बैलबंडीतून. दारातून आत जाईना म्हणून चौकट काढावी लागली. "एवढं मोठं पेटार कशाले आणलं?" म्हणून सगळी आळी हसली. पण चार-पाच वर्षांत त्याच आळीतल्या आया पोरांना न्हाऊ-माखू घालून, नखं कापून, कोकिळाबाईंच्या दारात आणून उभ्या करू लागल्या. लष्कराच्या दारूगोळा डेपोतल्या साहेबांच्या मुली येत, गिरणीतल्या कामगारांची पोरं येत, भाजीवालीचा नातूही येई. पुलगावसारख्या गावात हे असं काही उभं करायला छाती लागते, आणि ती बाईंकडे होती.

अन्नपूर्णेला आपल्या या वहिनीचं भारी कौतुक. नणंद-भावजयीचं विळ्याभोपळ्याचं नातं असतं म्हणतात, पण या घरात नणंदच भावजयीवर जीव टाकून होती. अन्नपूर्णा शाळेत गणित शिकवायची. लग्न केलं नाही, भावाकडेच राहायची. भाऊ रामाजी डेपोत नोकरीला, मितभाषी माणूस. अन्नपूर्णेला सुरांतलं ओ की ठो कळत नसे, पण शिकवणं कशाला म्हणतात ते कळत होतं. म्हणूनच शाळेतून आली की ती चहाचा कप घेऊन मधल्या दारात उभी राही आणि वहिनीचा वर्ग बघे.

वर्गाची रीत जगावेगळी होती. पोराला बाकावर बसवायचं, मनगट नीट ठेवून द्यायचं, आणि बाई सरळ स्वयंपाकघरात निघून जायच्या. तिथे दाराकडे पाठ करून पाटावर बसायच्या. थंडीत मेथी निवडायच्या, एरवी तांदूळ. त्यांच्या बोटांना वर्षातले चार महिने मेथीचाच वास असे.

"जवळ बसलं का पोरगं माह्या तोंडाकडे पाह्यते," त्या म्हणायच्या. "हाताकडे नाई पाहत."

यातली बरीचशी पोरं भजनी घरांतली. हार्मोनियम वाजवून आलेली. त्यांचा डावा हात पियानोवर बसल्याबरोबर भाता शोधायला मागे जायचा. आणि अंगठ्यापासून चौथं बोट, करंगळीच्या शेजारचं, त्याला तर कामाची सवयच नाही. त्याच्या वाटचं काम तिसरं बोट करून टाकी. ऐकणाऱ्याला काही फरक कळत नसे. सूर तोच. पण स्वयंपाकघरातून हाक यायचीच.

"चौथं बोट!"

मान न वळवता, मेथी निवडता निवडता. कधी चुकली नाही. डेपोतल्या एका मेजरसाहेबांच्या बायकोने तर हे पाहून तोंडात बोटं घातली होती.

आणखी एक नियम होता. बाक दोन माणसांचं होतं, पण पोराने उजव्या अंगाला सरकून बसायचं, डावीकडे हातभर जागा सोडायची. बाई नागपूरच्या मिशन शाळेत म्हाताऱ्या थेल्मा टीचरांकडे शिकल्या, तेव्हा टीचर डावीकडे बसत. मरताना त्यांनी पियानो आणि बाक दोन्ही बाईंना दिलं, आणि रीतही त्यांच्याबरोबर आली. पोरांना वाटे ती जागा मॅडमसाठी, म्हणजे बाईंसाठी आहे. मॅडम तिथे बसलेल्या कोणी पाहिल्या नव्हत्या.

अठ्ठ्याण्णवच्या हिवाळ्यात कुकर जळाला, तेव्हा गोष्ट सुरू झाली म्हणायची.

अन्नपूर्णा शाळेतून आली तर घरभर करपल्याचा वास. कुकर शिट्ट्यांवर शिट्ट्या मारत होता. वहिनी त्याच्यापासून दोन हातांवर पाटावर बसलेली, शांत. अन्नपूर्णेने धावत जाऊन स्टोव्ह बंद केला, तेव्हा कुठे वहिनीने दचकून वर पाहिलं. आणि त्याच घटकेला, पुढच्या खोलीत दहा वर्षांची मयुरी वाजवत असताना, वहिनी म्हणाली, "चौथं बोट, मयुरी."

अन्नपूर्णेने मुद्दाम तिच्या पाठीमागे पितळेची परात फरशीवर टाकली. वहिनी हलली नाही.

वर्ध्याच्या डॉक्टरांनी कान तपासले. दोन्ही कान गेल्यात जमा, म्हणाले. हे काही आजचं नाही, दोन-तीन वर्षांपासून उतरत आलं असेल. बाई समोरच्याच्या ओठांवरून बोलणं ओळखतात, म्हणून घरात कोणाला कळलं नाही.

परतीच्या बसमध्ये कोकिळाबाई खिडकीबाहेर बघत राहिल्या. देवळी मागे पडल्यावर म्हणाल्या, "कोणाले सांगशील नको, अन्नपूर्णा. बहिऱ्या बाईकडे कोण पोरगं धाडते? वर्ग गेला तं मी नुसती बसून राहीन. मले ते जमणार नाई."

अन्नपूर्णेने वहिनीचा हात घट्ट धरला. झाकली मूठ सव्वा लाखाची, एवढं तिलाही कळत होतं. पण गणिताच्या बाईला एक गोष्ट सुटत नव्हती. कान नाहीत, तर चौथं बोट कळतं कशाने?

फरशीतून हादरे येत असतील, असं तिने ठरवलं. मग एका दुपारी पियानोच्या पायांखाली जुन्या गोधडीच्या घड्या सरकवल्या. वहिनीला काही फरक पडला नाही.

असल्या गोष्टी झाकून राहतात थोड्याच! मयुरीचे वडील नानाजी, कापडाच्या दुकानाचे मालक, एका रविवारी स्वतः येऊन दिवाणावर बसले. माणूस सरळ, पण व्यापारी. तागा उलगडून पाहिल्याशिवाय विश्वास ठेवायचा नाही.

"लोक म्हणून राह्यले, मॅडमले ऐकू येत नाई," ते अन्नपूर्णेला हळूच म्हणाले. "खरं असन तं पोरगी काढतो बाई मी. मंग बाकीचेही काढतीन."

मयुरी पियानोच्या बाकावर बसलेली. कोकिळाबाई स्वयंपाकघरात, पाठमोऱ्या. समोर मेथीची जुडी.

नानाजींनी मयुरीच्या कानात सांगितलं, "तिसऱ्या बोटानं वाजव. मुद्दाम."

मयुरीने वाजवलं.

"चौथं, मयुरी," आतून आवाज आला. "आणि बाबाचं ऐकून वाजवू नको."

नानाजी ताडकन उठले. त्यांना घाम फुटला होता, पण चेहऱ्यावर कौतुक मावत नव्हतं. "सोन्याचे कान हाय बाईचे!" असं म्हणत, स्वयंपाकघराच्या दिशेने हात जोडून ते निघून गेले. दुकानात बसून दिवसभर गिऱ्हाइकांना तेच सांगत राहिले. वर्ग वाचला.

अन्नपूर्णा मात्र तिथेच उभी. नानाजी पोरीच्या कानात कुजबुजले होते, ते तिला स्वतःला नीट ऐकू आलं नव्हतं.

तिने पुढे होऊन पियानोचं झाकण लावून टाकलं. मग बाकाच्या डाव्या टोकावर टेकायला गेली, तर मयुरी घाबरून म्हणाली, "आत्याबाई, तिथं नका बसू."

"काऊन?"

मयुरी आणखी उजवीकडे सरकली.

"बरं. आता झाकणावरच वाजव. लाकडावर. आवाज होऊ देऊ नको."

मयुरीने बोटं लाकडावर ठेवली. अलगद हलवू लागली. खोलीत काही ऐकू येत नव्हतं. बाहेर रस्त्यावर एक ऑटो थांबला आणि गेला.

अन्नपूर्णा मधल्या दारात उभी राहिली. एका डोळ्याने पोरीची बोटं, एका डोळ्याने वहिनीची पाठ.

मयुरीचं तिसरं बोट लाकडावर पडलं.

"चौथं बोट," वहिनी म्हणाली.

तिचे हात मेथीतच होते.

"आणि अन्नपूर्णा, झाकण उघड. पोरीची बोटं दुखून राह्यली."

अन्नपूर्णेने झाकण उघडलं.

रात्री जेवताना तिने वहिनीच्या समोर बसून, ओठ नीट हलवून विचारलं, "वहिनी, तुले कोण सांगते?" कोकिळाबाईंनी तिच्या तोंडाकडे टक लावून पाहिलं. हसल्या. म्हणाल्या, "मेथी कडू निघाली यंदाची." पुन्हा हा विषय त्या घरात निघाला नाही.

वर्ग पुढे कितीतरी वर्षं चालला. कोकिळाबाईंच्या हाताखालून गेलेली पोरं नागपूरला, पुण्याला जाऊन वाजवू लागली आणि दिवाळीत घरी आली की आधी बाईंच्या पाया पडायला येत. एक ठार बहिरी बाई मेथी निवडत निवडत गावभरच्या पोरांच्या बोटांना शहाणं करून गेली, हे अन्नपूर्णा आज कोणाला सांगू गेली तर कोण ऐकेल? पण तिने ते डोळ्यांनी पाहिलं, आणि त्या बाईपुढे आपण आयुष्यभर काय शिकवलं असं तिला वाटत राहिलं.

दोन हजार सहाच्या जानेवारीत कोकिळाबाई झोपेतच गेल्या. आदल्या संध्याकाळी निवडलेली मेथी टोपलीत तशीच होती. अन्नपूर्णेने पियानोवर चादर घातली. वर्ग संपला असंच तिने धरलं. वहिनीला ज्याची एवढी भीती होती तेच अखेर झालं, या विचाराने ती चादरीकडे बघून रडली.

मार्चमध्ये मयुरी आली. आता ती वर्ध्याला कॉलेजात होती. तिने चादर ओढून काढली.

"आत्याबाई, हा असा बंद राह्यला तं मरते. मी दर रविवारी येत जाईन. मॅडम शिकवत होत्या तसंच शिकवीन."

आणि तिने तसंच केलं. पोराला बसवायचं, मनगट ठेवून द्यायचं, आणि स्वयंपाकघरात पाठ करून बसायचं. पहिल्याच महिन्यात सहा वर्षांची सपना आली. तिच्या वडिलांची डेपोत नुकतीच बदली झालेली. कोकिळाबाईंचं नावही त्या घरात कोणी ऐकलं नव्हतं.

एका रविवारी अन्नपूर्णा पाणी घेऊन पुढच्या खोलीत गेली. सपना वाजवत होती. मयुरीने शिकवल्याप्रमाणे तिने डावीकडे जागा सोडली होती. पण उजवीकडेही सोडली होती. पोरगी अंग चोरून बाकाच्या मधोमध बसली होती, कोपरं पोटाशी घट्ट धरून.

"अशी अवघडून काऊन बसली वं? सरक नं तिकडे."

सपनाने हात थांबवले नाहीत. तिचं चौथं बोट बरोबर जागेवर पडत होतं.

"कुठं सरकू, आत्याबाई? इकडे त्या म्हाताऱ्या बाई हायेत. अन् इकडे मेथीवाल्या."

अन्नपूर्णा पाण्याचा पेला धरून उभी राहिली. मग तिलाही तो वास आला, ताज्या निवडलेल्या मेथीचा.

एप्रिल सरत आला होता. पुलगावच्या बाजारात महिनाभर मेथीची काडी दिसली नव्हती.