नकाशात राहिलेलं घर

हे मी कुणाकडून ऐकलेलं नाही. नवीन पनवेलमध्ये, आमच्याच हॉलमध्ये घडलंय. गेल्या वर्षी, होळीच्या आधीचा रविवार आणि त्याला लागून आलेला सोमवार. तेही भरदिवसा.

मी इरा. माझ्या नवऱ्याला, देवेशला, एका खेळाचं वेड आहे. मित्र टेबलाभोवती बसतात, प्रत्येकाचं एक पात्र असतं, फासे टाकतात आणि देवेश त्या काल्पनिक जगाची गोष्ट पुढे नेतो. त्या जगाचा नकाशाही तोच काढायचा. मोठा कागद, त्यावर मधाच्या पोळ्यासारखे षटकोन. एकात डोंगर, एकात जंगल, एकात गाव.

त्या सकाळी तो खाडीकाठचा षटकोन शाईने भरत होता. चिखल, मधोमध विहीर, भोवती घरं.

मी किचनमध्ये होते.

कर्र... कर्र...

विहिरीवर रहाट फिरावा तसा आवाज. वाटलं, शेजारी कुणीतरी कपड्यांची दांडी वर ओढतंय.

मी हॉलमध्ये डोकावले. देवेशने पेन उचललं.

आवाज थांबला.

पेन पुन्हा कागदाला टेकलं... कर्र.

मी त्याला विचारलं. त्याने कानातले हेडफोन काढले आणि काहीच ऐकू येत नाही म्हणाला. मी विषय सोडला. पण आमच्या एसीवर दिवसभर घुमणारी कबुतरं त्या दिवशी नव्हती.

आजही नाहीत.

दुपारी खेळ रंगला. अथर्व, देवेशचा कॉलेजपासूनचा मित्र, तेव्हा पनवेलजवळच्या कोन गावात राहायचा. फासे वाईट पडले आणि त्याचं पात्र खाडीच्या चिखलात एकटं पडून वाट चुकलं. तेवढ्यात जेवायची वेळ झाली, खेळ तिथेच राहिला. अथर्व हसत बाईकवरून घरी गेला.

सोमवारी तो ऑफिसला पोहोचलाच नाही.

त्याच्या आईचा फोन आला. बाईक कोनच्या नाक्यावर उभी होती, चावी तशीच. देवेश पोलिसांत जाऊन आला. ते म्हणाले, मोठा माणूस आहे, संध्याकाळपर्यंत वाट बघा.

दुपारी देवेशचा मोबाईल वाजला. अथर्व.

"देवेश, मी कुठे आहे रे?"

त्याचा आवाज रडवेला होता. सकाळपासून चालतोय म्हणाला. सगळीकडे चिखल, रस्ता नाही, गाडीचा आवाज नाही. देवेशने विचारलं, आजूबाजूला काय दिसतंय?

"एक विहीर आहे. लोक आहेत. ते तुझ्याबद्दल विचारतायत."

फोन कट झाला.

पण त्याआधी त्याच्या मागून येणारा आवाज आम्ही दोघांनीही ऐकला...

कर्र... कर्र...

देवेश पांढराफटक पडला. नकाशा टेबलावर पसरून बसला. त्या चिखलातून त्याने एक बांध काढला. सरळ, षटकोनामागून षटकोन ओलांडत, थेट कागदाच्या कडेपर्यंत.

मग आम्ही वाट बघत बसलो.

ऊन उतरताना अथर्व सापडला. हायवेच्या कडेने चालत येत होता. मार्चचा कोरडा महिना, आणि तो गुडघ्यापर्यंत ओल्या चिखलाने माखलेला.

त्याने सांगितलं ते असं. पायाखाली अचानक घट्ट बांध लागला. त्यावरून तो निघाला. त्याआधी विहिरीवर एक बाई भेटली होती. बाकीची माणसं आपापल्या दारात उभी होती. ती आणि तिची माणसं मात्र चिखलात, डोक्यावर बोचकी घेऊन.

तिने विचारलं, "आमचा गाव कोन काढतंय?"

माझा मित्र, अथर्व म्हणाला.

"त्याला सांग... आमचा घर रायलाय."

अथर्व बांधावरून निघाला तेव्हा मागून पावलं वाजत होती. एकाची नाही. त्याने वळून पाहिलं नाही.

महिन्याभरात तो पुण्याला निघून गेला. आता देवेशचा फोन उचलत नाही.

मी देवेशला म्हटलं, जाळून टाक तो कागद. तो म्हणाला, "आणि त्यात माणसं असली तर?"

मग त्यांचं राहिलेलं घर नकाशात काढ, मी म्हटलं. तो म्हणाला, "एक काढलं की दुसरं मागतील." नकाशा गुंडाळून कपाटावर ठेवलाय. बांध शाईने काढलेला, खोडताही येत नाही.

हे सगळं आज लिहायचं कारण वेगळंच आहे.

परवा सकाळी खालून आमच्या वॉचमनचा, तुळशीरामचा, फोन आला. काही माणसं आलीत, नकाशा काढणाऱ्या साहेबांचं घर विचारतायत, म्हणाला. सोबत सामान आहे.

मी खाली धावले. गेटवर कुणीच नव्हतं. फरशीवर ओला चिखल होता.

मी विचारलं, परत गेले का?

"नाय मॅडम," तुळशीराम म्हणाला. "लिफ्ट नको बोलले. जिन्याने वर गेले."

मी जिना चढून आले. वाटेत कुणीही भेटलं नाही.

आमच्या दाराची बेल अजून वाजलेली नाही.